‘औषध’ मारताना

कपाशीच्या पट्ट्यात कीटकनाशकाला विष म्हणायची पद्धत नाही. ‘औषध आणलं’, ‘औषध मारलं’ असंच बोलतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात हे औषध फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला भिडली होती. पंपाचा फवारा थेट तोंडावर, छातीवर येत होता, आणि अंगात साधा सदरा.

तेव्हा फवारलेल्या प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस या रसायनांची मारण्याची रीत एकच. नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं ॲसिटिलकोलीन काम झाल्यावर मोडून टाकणारं एक विकर शरीरात असतं. ही रसायनं त्या विकरालाच जखडून ठेवतात. मग निरोप थांबतच नाही. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ गळते, दरदरून घाम फुटतो, श्वासनलिका स्रावाने भरून जीव घुसमटतो. त्यासाठी विष पोटातच जावं लागत नाही. भिजलेला सदरा अंगावरच वाळला, तरी ते कातडीतून आत उतरतं.

यावरचा उतारा ॲट्रोपिन, आणि ते बांधावरच्या धोत्र्यात असतं. धोत्रा पोटात गेला तर बाहुली विस्फारते, तोंडाला कोरड पडते, नाडी धावते, माणूस बरळू लागतो. सगळं नेमकं उलट! म्हणूनच डॉक्टरांनी मोजून शिरेतून दिलेलं ॲट्रोपिन या विषबाधेत प्राण वाचवतं. झाडपाल्याचं ते निर्धोक, ही समजूत इथे पार मोडते. फवारणीसाठी झाडपाल्यापासून केलेल्या दशपर्णी अर्काच्या पिंपातही अनेकदा धोत्रा असतो, कण्हेर असते, आणि कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवते. तो अर्क उघड्या हातांनी ढवळू नये.

मोनोक्रोटोफॉसची गोष्ट मात्र वेगळ्या पातळीची. 2013 मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात ते मिसळलं गेलं आणि 23 मुलं दगावली. अशा जहाल विषाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो. तो छापला की आपली जबाबदारी संपली, असं शासनाला आणि कंपन्यांना मानता येणार नाही. यवतमाळनंतर ‘शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही’ हा सूर वारंवार लागला. भर ऑक्टोबरच्या उन्हात, मुखवटा-हातमोजे घालून, पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणं ज्याला जमेल त्याने तो सूर लावावा. जे विष या कपड्यांशिवाय हाताळताच येत नाही, ते रोजंदारीच्या मजुराच्या पाठीवर चढवूच नये. लाल त्रिकोणाचे डबे कृषी सेवा केंद्रांतून हटले पाहिजेत.

तोवर ग्रामीण रुग्णालयांत ॲट्रोपिनचा साठा हवा आणि रक्तातलं ते विकर तपासण्याची सोय हवी. आणि चक्कर, उलटी, घाम सुरू होताच रुग्णासोबत टाकीत ओतलेल्या प्रत्येक डब्याचं लेबल दवाखान्यात पोचायला हवं. त्या मिश्रणात डायफेनथियुरॉन हे वेगळ्या रीतीचं कीटकनाशक असेल, तर त्यावर ॲट्रोपिनचा उतारा नाही.