दीड मिनिटाचे दादा

ॲनिमे बघताना स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’चं बटण येतं. तुमच्यापैकी किती जण ते दाबतात? इतर वेब सिरीजच्या वेळी आपण बिनदिक्कत दाबतो. ॲनिमे असलं की मात्र बोट थबकतं. एवढंच कशाला, एपिसोड संपल्यावर तेच गाणं शोधून पुन्हा लावलं जातं, भाषेतलं ओ की ठो कळत नसलं तरी! या दीड मिनिटाच्या जादूमागे काय आहे, हे समजून घ्यायचं तर ‘जॅम प्रोजेक्ट’ या जपानी बँडची गोष्ट माहीत हवी.

‘वन पंच मॅन’च्या चाहत्यांना या बँडची ओळख करून द्यायची गरज नाही. २०१५ मध्ये आलेल्या पहिल्या सीझनचं सुरुवातीचं गाणं त्यांचंच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिसरा सीझन आला, तेव्हाही तेच. यावेळी जोडीला ‘बेबीमेटल’. नावातल्या ‘जॅम’चा पावाला लावायच्या जॅमशी काही संबंध नाही. ‘जपान ॲनिमेशनसाँग मेकर्स’ या शब्दांची ती आद्याक्षरं. म्हणजे आम्ही ॲनिमेची गाणी बनवणारे कारागीर आहोत, असं त्यांनी नावातच सांगून टाकलंय.

आज यात विशेष वाटणार नाही. पण हा बँड २००० साली उभा राहिला तेव्हा त्या नावात ठसका होता. जपानमध्ये ॲनिमेचं गाणं म्हणजे ‘आनिसोन’. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्याची गणती बालगीतांत व्हायची. गंभीर संगीत वेगळं, पॉप स्टार वेगळे आणि रोबोटची गाणी गाणारे वेगळे. बँडचे आजचे म्होरके हिरोनोबु कागेयामा यांचंच बघा. ‘लेझी’ नावाच्या रॉक बँडमधून ते पुढे आले. १९८१ मध्ये तो बँड फुटला. त्यातल्या काहींनी ‘लाउडनेस’ हा हेवी मेटल बँड काढून नाव कमावलं. कागेयामा एकटे पडले. १९८५ मध्ये ‘चेंजमॅन’ या मुलांच्या टीव्ही मालिकेचं गाणं त्यांनी गायलं, तेव्हा श्रेयनामावलीत पूर्ण नाव नव्हतं, नुसतंच ‘कागे’. जपानीत ‘कागे’ म्हणजे सावली. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांनी ‘ड्रॅगन बॉल झेड’चं सुरुवातीचं गाणं गायलं आणि सावलीतला माणूस उजेडात आला.

बँडची कल्पना मात्र त्यांच्याहून थोरल्या गायकाची, इचिरो मिझुकी यांची. १९७२ च्या ‘माझिंगर झेड’चा आवाज तो हाच. चाहते त्यांना ‘आनिकी’ म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत ‘दादा’. नव्वदच्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांना एक सोपी युक्ती सापडली होती. आपल्या पॉप गायकाचं नवं गाणं ॲनिमेच्या सुरुवातीला चिकटवायचं, की फुकटात जाहिरात. गाण्याचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असं काही नाही. मिझुकींना हे खटकत होतं. हिरोचं नाव, त्याचा राग, त्याची लढाई ज्या गाण्यात आहे ते खरं आनिसोन, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं तर कोणीतरी एकत्र यायला हवं, या भूमिकेतून जॅम प्रोजेक्ट जन्माला आला. ‘वन पीस’चं १९९९ मधलं पहिलं गाणं गाणारे हिरोशी कितादानी, ‘युतेना’च्या मासामी ओकुई असे एकेक जण पुढे त्यात आले. त्यांच्यातले बरेच जण नुसते गायक नाहीत. गाणी लिहितात, चालीही बांधतात. ब्राझीलचे रिकार्डो क्रूझही त्यांच्याबरोबर गायले आहेत.

आता यातली कारागिरी बघा. टीव्हीवरच्या गाण्याला मिळतात जेमतेम दीड मिनिटं. तेवढ्यात सुरुवात, चढण आणि कळसाचा मुखडा, सगळं बसवायचं. चित्रं त्या तालावर बेतली जातात, त्यामुळे ढोल कुठे थांबतो आणि मूठ कुठे बसते याचा हिशेब पक्का असतो. गेममध्ये पेच आणखी वेगळा. ‘सुपर रोबोट वॉर्स’ या गेममालिकेत वेगवेगळ्या ॲनिमेतले रोबोट एकाच रणांगणात उतरतात. त्यातला एकही रोबोट परका वाटता कामा नये, असं गाणं द्यायचं! जॅम प्रोजेक्टची ‘स्किल’ आणि ‘गाँग’ ही गाणी त्याच मालिकेसाठीची. थोडक्यात, ही गाणी ऑर्डरप्रमाणे बनतात. आणि ‘ऑर्डरप्रमाणे बनवलेलं म्हणजे दुय्यम’ हा आपला समज इथे खोटा ठरतो.

पुढे काय झालं ते तुमच्या प्लेलिस्टमध्येच आहे. २०२० मध्ये ‘डीमन स्लेयर’च्या चित्रपटासाठी लिसाने गायलेल्या ‘होमुरा’ला जपान रेकॉर्ड अवॉर्डचा सर्वोच्च मान मिळाला. २०२३ च्या जूनमध्ये ‘ओशी नो को’साठी योआसोबीने केलेलं ‘आयडॉल’ बिलबोर्डच्या, अमेरिका वगळून काढल्या जाणाऱ्या जागतिक यादीत पहिलं आलं. जपानी भाषेतल्या गाण्याने तिथे पहिला नंबर पटकावण्याची ती पहिलीच वेळ. यातली खरी गंमत अशी की योआसोबीची पद्धत म्हणजे आधी कथा आणि मग त्या कथेतून गाणं. पॉप स्टार ॲनिमेवर उपकार करत होते ते दिवस गेले. आता तेच कथेच्या दारात रांग लावतात. कागेयामा मंडळी जो हट्ट धरून बसली होती, तो पॉपने मान्य केला म्हणायचा.

आपल्याकडेही बदल दिसतो. तुम्ही लहान असताना ‘डोरेमॉन’चं शीर्षकगीत हिंदीत ऐकलंय. आज हिंदी डबिंग लावून बघता तेव्हाही सुरुवातीचं गाणं बहुतेकदा जपानीच राहतं, आणि कोणाची तक्रार नसते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला. इंग्रजीची शिडी न लावता एक भाषा इतक्या दूर पोहोचली, ही साधी गोष्ट नाही.

पण गाणं मोठं झालं की त्याचे वाटेकरीही वाढतात. ॲनिमे बहुतेक वेळा ‘निर्मिती समिती’ काढते. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, खेळणी किंवा गेम बनवणारी कंपनी आणि रेकॉर्ड कंपनी त्यात पैसे घालतात. गाणं कोण गाणार, यात समितीतल्या रेकॉर्ड कंपनीचा शब्द चालतो, म्हणजे जाहिरातीची ती जुनी युक्ती अजून जिवंत आहे. त्यात आता सरकारही उतरलंय. ॲनिमे, गेम, मांगा, संगीत अशा सगळ्या कंटेंटची परदेशातली कमाई २०३३ पर्यंत २० लाख कोटी येनवर नेण्याचं लक्ष्य जपानने ठेवलंय.

सरकारी हिशेबात आलेली गोष्ट सरकारी भांडणातही सापडते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान साने ताकाइची यांच्या तैवानविषयीच्या विधानावरून चीन आणि जपानमध्ये ठिणगी पडली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला शांघायच्या एका महोत्सवात ‘वन पीस’च्या गायिका माकी ओत्सुकी गात होत्या. गाणं अर्ध्यावर असताना दिवे गेले, संगीत थांबलं आणि त्यांना मंचावरून उतरवलं गेलं. तैवानबद्दल त्या अवाक्षरही बोलल्या नव्हत्या. समोर बसलेले चाहते चिनी होते, तिकीट काढून आलेले.

जॅम प्रोजेक्टने २००८ मध्ये जगभर दौरा केला होता. त्याचं नाव होतं ‘नो बॉर्डर’, म्हणजे सीमा नाही. आज ते नाव भाबडं वाटू शकतं. पण ज्यांना सीमा दाखवायच्या आहेत, त्यांना भर कार्यक्रमात दिवे घालवावे लागतात, यातच त्या गाण्यांची ताकद कळते.

मिझुकी दादा ६ डिसेंबर २०२२ रोजी गेले, वयाच्या ७४ व्या वर्षी. कॅन्सरने शरीर पोखरलं होतं, तरी त्याआधी जेमतेम दहा दिवस ते मंचावर गात होते. तुमच्यापैकी कोणी गाणी लिहीत असेल, कॉलेजच्या एकांकिकेला संगीत देत असेल आणि ‘हे काय, दुसऱ्याच्या गोष्टीसाठी केलेलं काम’ असं त्याला कोणी ऐकवत असेल, तर त्याने या माणसाची गाणी जरूर लावून बघावीत. दुसऱ्याच्या गोष्टीसाठीच तर तो पन्नास वर्षं गायला.