काकांचा 'नो चेंज'

रात्री अकरानंतर हॉस्टेलच्या गेटबाहेर उभं राहून "काका, ओ काका" अशा हाका मारायचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. काका खुर्चीत जागे दिसतात, पण उठत नाहीत. मग आपण म्हणतो, मुद्दाम करतात. मीही म्हणायचो. एकदा तर आमच्या विंगने रेक्टर सरांकडे तक्रारही केली होती.

मागच्या सेमिस्टरला एका दुपारी काकांनीच मला थांबवलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत घड्या पडलेले कागद. "पोरा, इंग्रजीत आहे. काय लिहिलंय जरा नीट सांग."

काका १९९७ ते २०१४ अशी १७ वर्षं तोफखान्यात होते. भरतीच्या वेळी कान तपासून 'फिट' म्हणून घेतलेले. बाहेर पडताना मेडिकल बोर्डाने लिहिलं, ऐकू कमी येतं, डाव्या कानाने फारच कमी, अपंगत्व २० टक्के आणि कायमचं. पुढे एकच ओळ होती. हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. नेहमीची पेन्शन काकांना मिळते, पण अपंगत्वापोटी जी जादा रक्कम मिळायला हवी ती या एका ओळीने गेली. त्यांनी अपील केलं. वर्षभराने उत्तर आलं, त्यातही तीच ओळ. का, ते कुठेच नाही.

मला एकदम आपलं रिव्हॅल आठवलं. फी भरायची, वाट बघायची आणि शेवटी दोन शब्द यायचे, 'नो चेंज'. पेपर उघडला की नाही, हेही कळत नाही. पण आपण निदान पुढच्या परीक्षेला पुन्हा बसू शकतो. काकांना नवीन कान कुठून मिळणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या निकालात कारण लिहिलेलं नाही तो निकालच नव्हे. आणि हे काही माझ्या मनाचं नाही. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हेच सांगितलं. हे गृहस्थ १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले आणि सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर, १९९४ मध्ये, फिट्स येतात म्हणून त्यांना घरी पाठवलं. बोर्डाचं मत पडलं की आजार मूळ प्रकृतीचाच आहे, नोकरीचा संबंध नाही. कोर्टाने विचारलं, मग भरतीच्या वेळी तशी नोंद का नाही? नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं. आजार नोकरीमुळे झालेला नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि बोर्डाला उलट मत द्यायचं असेल तर त्याने कारणं लिहिली पाहिजेत. हे ऐकायला त्या माणसाला १९ वर्षं लागली.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा साधा इनवर्ड इन्स्पेक्शनचा प्रश्न आहे. तुम्ही पार्ट तपासलात, 'ओके'चा शिक्का मारलात, मशीनला लावलात आणि १७ वर्षं लोडवर चालवलात. आता तो गेला तर "मटेरियल मुळातच खराब होतं" असं नुसतं म्हणून भागत नाही. रिपोर्ट दाखवा! वर्कशॉपमध्ये आपले सर हे चालवून घेतील का?

पैशाचा हिशेबही बघा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे २० टक्क्यांना ६ टक्के. पण ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं असा नियम आहे. आधी तो फक्त आजारपणामुळे मुदतीआधी काढलेल्यांना होता. २०१४ च्या डिसेंबरमध्ये राम अवतार यांच्या निकालात सुप्रीम कोर्टाने पूर्ण मुदत केलेल्यांनाही तो दिला. म्हणजे ६ चे १५ टक्के झाले. पगार ४०,००० धरला तर महिन्याला २,४०० ऐवजी ६,०००. गेटवर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला हा फरक किती मोठा आहे, ते सांगायला नको.

दुसरी बाजूही आहे. काहीजण ब्लडप्रेशर, शुगर दाखवून सवलत घेतात, अधिकाऱ्यांमध्ये हे प्रमाण जवानांपेक्षा जास्त आहे, असा आक्षेप घेतला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले, ते त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी. गैरफायदा घेणारे असतील तर त्यांना जरूर अडवा. पण अडवायचं कारण लिहूनच ना? एका ओळीच्या छापील उत्तराने खोटा आणि खरा दोघेही सारखेच नापास होतात. खोट्याला वकील परवडतो, खरा पिशवीत कागद घेऊन फिरतो.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ मध्ये, हे खटले कमी कसे करायचे यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. पर्रीकर आयआयटी मुंबईचे मेटलर्जीचे इंजिनियर. प्रत्येक जॉब रिजेक्ट होत असेल तर दोष जॉबमध्ये नाही, प्रोसेसमध्ये शोधायचा, हे आपल्याला शिकवलेलंच आहे. तरीही एकेका जवानाला तोच निकाल पुन्हा पुन्हा कोर्टातून आणावा लागतो, याचं वाईट वाटतं.

काकांना वाटत होतं की आता फार उशीर झाला. तसं नाही. पेन्शन दर महिन्याची असते, त्यामुळे अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या खटल्यात मानलं. उशिरा गेलात तर थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते, पण दार बंद होत नाही. हे दार म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. ते २००९ पासून चालू आहे आणि महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे.

आम्ही तिघांनी मिळून दोन कामं केली. १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज लिहून बोर्डाच्या पूर्ण कागदपत्रांची नक्कल मागितली. आणि काकांबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन पुढचा रस्ता विचारून आलो. यात हुशारी काहीच नव्हती, फक्त इंग्रजी वाचता येत होतं. आपल्यापैकी कितीजणांच्या गावात, नात्यात असा एखादा फौजी असेल! सुट्टीत घरी गेलात की त्यांचे कागद एकदा मागून बघा.

काकांच्या नकला अजून यायच्या आहेत. तोपर्यंत एक विनंती. रात्री उशीर झाला तर गेटवर ओरडू नका. मोबाईलचा टॉर्च दाखवा, काका लगेच उठतात.