दुर्बीण कुणाच्या गळ्यात?

आमच्याकडे दुर्बीण एकच होती आणि ती नवऱ्याच्या गळ्यात होती. यात कुणाचा काही कट नव्हता. निघायच्या आदल्या रात्री सामान भरलं तेव्हा खाण्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, औषधं, टॉवेल माझ्या पिशवीत गेले आणि दुर्बीण, कॅमेरा, पक्ष्यांचं पुस्तक त्याच्या पिशवीत. तिसऱ्या दिवशी केरळातल्या जंगलात पहाटे साडेसहाला मी तिसऱ्यांदा म्हटलं, "अरे, दे की मला." तो म्हणाला, "एक मिनिट, आता उडेल तो." आणि उडाला. पक्षी.

('नवरा' या शब्दावरून काही मैत्रिणी मला रागावतील. एरवी मीही 'जोडीदार' म्हणते. पण दुर्बिणीच्या बाबतीत तो नवराच होता.)

लग्नाला नऊ वर्षं झाली. आम्ही दोघंच कुठे गेलो असू तर ते नात्यातल्या लग्नांना किंवा दवाखान्यात. या फेब्रुवारीत सात वर्षांच्या लेकीला आईकडे ठेवलं आणि पुण्याहून रेल्वेने एर्नाकुलम, पुढे बसने कोतमंगलम आणि तिथून तट्टेकाड गाठलं. पेरियार नदीकाठचं हे अभयारण्य जेमतेम 25 चौरस किलोमीटरचं आहे. सलीम अलींनी 1933 मध्ये त्रावणकोर-कोचीन संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा ही जागा त्यांच्या मनात भरली होती. अभयारण्य व्हायला मात्र 1983 साल उजाडलं. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचं हे सखल, दमट, सदाहरित रान. सकाळी सातलाच अंगाला कपडे चिकटतात, आणि झाडं इतकी दाट की पक्षी आधी कानाला सापडतो, डोळ्याला नंतर.

मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या बचत गटात रजेचं सांगितलं, तेव्हा एकीने विचारलं, "ताई, तिकडं काम काय निघालं?" म्हटलं, काम काही नाही, पक्षी बघायचेत. ती हसायला लागली. "एवढ्या लांब? मग कुणाचं लग्न तरी असंल." ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, सासरी प्रत्येकाने मला एकच विचारलं, लेकीचं काय? नवऱ्याला त्याच्या ऑफिसात विचारलं गेलं ते कॅमेऱ्याची लेन्स कोणती, हे.

वस्तीतल्या बाईचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, कारण तो अगदी अचूक होता. बाईला जंगलात जायला काम लागतं. जळण, पाला, मध, तेंदूपत्ता, मोहाची फुलं, पाणी यांसाठी आपल्याकडच्या हजारो बाया रोज रानात जातात, आणि रान त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्याला कुणी भ्रमंती म्हणत नाही. दुसरी सोय म्हणजे नवऱ्याबरोबर जाणं. 'कपल पॅकेज'मध्ये बाई बसते. काम नाही, नवरा नाही आणि तरी एक बाई रानात नुसती उभी राहून वर बघते आहे, याला मात्र आपल्याकडे जागा नाही. तिला गार्ड थांबवतो, गुराखी हटकतो, आणि घरी परतल्यावर काय झालं असेल ते मैत्रिणींना सांगायला नको. जंगलावरचं मराठी लेखन आठवून पाहा. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याची पुस्तकं वाचून आमची पिढी रानाच्या प्रेमात पडली. पण रात्र-रात्र एकट्याने मचाणावर बसायची मुभा ज्याला होती, त्याच्याच डोळ्यांनी आपण ते रान पाहिलं.

आम्ही उतरलो ते एका घरात. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, त्याला होमस्टे म्हणतात. फाटकावर घरमालकाचं नाव आणि मोबाइल नंबर. तेच पक्षी दाखवायला नेतात, मोठे जाणकार, आम्ही त्यांना चेट्टन, म्हणजे दादा म्हणू लागलो. त्यांची बायको आमची चेची, म्हणजे ताई. चेची पहाटे चारला उठायची. साडेपाचला काळा चहा, नऊला परतलो की पुट्टू आणि काळ्या चण्यांची उसळ, दुपारी भात-मासे, संध्याकाळी उकडलेला कप्पा, रात्री पुन्हा जेवण. मधल्या वेळात चादरी, टॉवेल, भांडी, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून मी फेरीला गेले नाही, चेचीच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहिले. मागचं दार थेट रानात उघडतं. चेची नारळ खवत होती. मधेच हात न थांबवता, मान वर न करता म्हणाली, "वेळांबल." मिनिटभराने तीन मलबारी धनेश कर्कश ओरडत समोरच्या झाडावर उतरले. असं तासाभरात सात-आठ वेळा झालं. तिची कॉलेजात जाणारी मुलगी इंग्रजीतून मला सांगत होती. चेट्टन रोज फेरीहून आले की आईला विचारतात, आज कोण ओरडलं, कुठल्या बाजूला, किती वाजता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तिकडे नेतात. आईने मात्र दुर्बिणीतून कधी पाहिलेलं नाही. का, म्हणून मी विचारलं. चेचीचं उत्तर मुलीने भाषांतर करून दिलं, "ती पाहुण्यांसाठी असते."

निघताना हिशेब झाला तो असा : खोलीचे अमुक, गाईडचे तमुक, जीपचे इतके. जेवण 'समाविष्ट'. हा शब्द मी फार वेळ बघत बसले. दिवसाचे चौदा-पंधरा तास, पाच वेळचा रांधा, शिवाय आवाजांवरून पक्षी ओळखण्याची विद्या, सगळं खोलीच्या भाड्यात समाविष्ट. चेट्टन वाईट माणूस नाही. बायकोवर ओरडताना मी त्यांना एकदाही ऐकलं नाही. आमच्याही घरी कुणी ओरडत नाही, तरी डबे माझ्याच पिशवीत जातात. 2019 मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकामात बाई दिवसाला 299 मिनिटं घालवते आणि पुरुष 97, तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांच्यापुरतं. चेचीसारखीची मिनिटं कुठल्या रकान्यात टाकायची? पाहुण्यांसाठी रांधते म्हणून धंदा, की घरात रांधते म्हणून घरकाम? पर्यटनाने गावातल्या बाईला रोजगार मिळतो, असं आता सगळीकडे लिहून येतं, कोकणातल्या न्याहारी-निवासाबद्दलही. मला विचारायचंय की पैसे कुणाच्या हातात येतात आणि फाटकावर नाव कुणाचं असतं.

आता पक्ष्यांकडे वळते, कारण त्यांच्याही गळ्यात आपण बरंच काही अडकवलं आहे.

मुंबईहून आलेलं आणखी एक जोडपं होतं. त्यांतल्या गृहस्थांनी जेवताना धनेशाची गोष्ट सांगितली. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड बुजवून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. नर मेला तर ती आत उपाशी प्राण सोडते. "खरी पतिव्रता," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी माशाचे काटे काढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. गोष्टीचा पहिला भाग खरा आहे. पण तो दरवाजा मादी स्वतः आतून लिंपते, अंड्यांच्या आणि पिल्लांच्या रक्षणासाठी. आणि वेळ आली की स्वतःच्या चोचीने फोडून बाहेर येते. तिला कुणी कोंडलेलं नसतं. चिणून घेतलेल्या सतीची गोष्ट तिच्यावर आपण चढवली आहे.

त्याच्या उलट एक गोष्ट कुणी सांगतच नाही. तट्टेकाडला लोक ज्याच्यासाठी मुद्दाम येतात तो फ्रॉगमाउथ, बेडकासारखं रुंद तोंड असलेला निशाचर पक्षी. दिवसा जोडी एका फांदीवर एकमेकांना टेकून, वाळक्या पानांसारखी निश्चल बसते, नर राखाडी आणि मादी तांबूस. चेट्टननी दाखवली आणि हसून म्हणाले, "हनिमून." सगळ्यांनी फोटो काढले. मी विचारलं, अंडं कोण उबवतं? ते म्हणाले, एकच अंडं असतं, दिवसा नर बसतो, रात्री मादी. दिवसभराची पाळी बापाची! त्यांना हे ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय ते सांगत नव्हते, कारण कुणी विचारत नाही. पाहुण्यांना हनिमून आवडतो.

गाण्याचंही तेच. शाळेत शिकलो की गातो तो नर, मादी ऐकते आणि निवडते. 2014 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक शोधनिबंध आला. गाणाऱ्या पक्ष्यांच्या ज्या 323 जातींची पुरेशी माहिती मिळाली, त्यांतल्या 71 टक्के जातींत मादीही गाते. मग इतकी वर्षं ऐकू कसं आलं नाही? एक कारण भूगोलाचं आहे. पक्षिशास्त्र वाढलं ते युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखात, आणि तिथे बहुतेक नरच गातात. उष्ण कटिबंधातल्या रानांत माद्या गातात, जोडीने सवाल-जवाबही करतात. दुसरं कारण पुढे 2020 मधल्या एका अभ्यासात दिसलं. मादीच्या गाण्यावरचं संशोधन बायकांनी जास्त पुढे नेलेलं आहे. गाणारी दिसली की नर समजून वहीत नोंद करायची, ही सवय कुणाची असेल ते सांगायला नको.

सलीम अलींच्या त्रावणकोरच्या मोहिमेत पत्नी तेहमीना बरोबर होत्या. तंबूतला संसार त्यांनी सांभाळला. 1939 मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या अकाली गेल्या. नकाशावर किंवा अभयारण्याच्या पाटीवर त्यांचं नाव नाही. (या अभयारण्याला सलीम अलींचं नाव आहे, ते असावंच.) पण केरळाकडच्या एका सोनपाठी सुताराच्या उपजातीला 1934 मध्ये 'तेहमिनी' हे शास्त्रीय नाव दिलं गेलं. चेचीच्या फणसाच्या झाडावर सोनपाठी सुतार ठोकताना मी पाहिला, तेव्हा दुर्बीण माझ्या गळ्यात होती. कशी आली, ते भांडण इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की दुसऱ्या रात्री पाठपिशव्या नव्याने भरल्या गेल्या.

अमेरिकेतल्या फीबी स्नेट्सिंगरची हकिकत मला अशा वेळी आठवते. चार मुलांची आई, गृहिणी. 1965 मध्ये एका शेजारणीच्या दुर्बिणीतून तिने एक छोटा नारिंगी गळ्याचा पक्षी पाहिला आणि आयुष्य फिरलं. 1981 मध्ये कर्करोगाचं निदान झाल्यावर ती जगभरची रानं हिंडली, आठ हजारांहून अधिक जाती पाहणारी जगातली पहिली व्यक्ती ठरली. पापुआ न्यू गिनीत तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती पुन्हा रानात गेली. 1999 मध्ये मादागास्करमध्ये गाडीच्या अपघातात वारली. तिच्याबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात, घराकडे दुर्लक्ष केलं. लग्न मोडायच्या बेतात आलं होतं, मुलांना आई मिळाली नाही, हे सगळं खरं असेल. पण पक्ष्यांसाठी महिनोन् महिने रानात राहिलेल्या पुरुषांची चरित्रं आपण वाचतो तेव्हा घराचा हिशेब कोण मागतं?

परत आल्यावर आमच्या गटाच्या बैठकीत हे बोलले. एक जुनी कार्यकर्ती स्पष्ट म्हणाली, "पाण्याची रांग, दारूडे नवरे, रेशन हे सगळं असताना तू पक्ष्यांवर लिहिणार? ही चैन आहे." तिचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. खर्च आम्हाला जड गेला, आणि वस्तीतल्या बाईला तो झेपणारच नाही. पण चैन ही काय फक्त पुरुषांनी करायची गोष्ट आहे? वस्तीतला गडी काम संपलं की कट्ट्यावर बसतो, तासभर नुसता बसतो. बाई बसली की पोरांच्या उवा काढते किंवा तांदूळ निवडते. आम्ही समाजकार्याच्या अभ्यासक्रमात गरजांची यादी पाठ केली, तीत विरंगुळा शेवटी, तोही मुलांसाठी. गटात आम्ही कर्ज, आरोग्य, कायदा सगळं बोलतो. बिनकामाचा वेळ मागितला पाहिजे, हे आम्ही कधी ठरावात लिहिलं नाही.

म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी गटातल्या बायांना पाषाण तलावावर घेऊन गेले. बारा जणी येणार होत्या, आल्या पाच. एकीचा नवरा तोपर्यंत उठला नव्हता, म्हणजे चहा व्हायचा होता. एकीच्या सासूने 'पाखरं काय घरात दिसत नाहीत?' म्हणून अडवलं. ज्या आल्या त्या आधी माझ्यासाठी म्हणून आल्या होत्या, हेही कबूल करते. नवऱ्याने त्या दिवशी लेकीला सांभाळलं आणि दुर्बीण मागितली नाही. हातोहात फिरवत आम्ही जांभळी पाणकोंबडी पाहिली, बगळे पाहिले. मराठवाड्यातून आलेल्या एकीने दुर्बीण डोळ्याला लावली ती काढेचना. मागून दुसरी ओरडली, "अगं, दे की मला!" ती म्हणाली, "थांब गं, एक मिनिट."