थांबायचं कुठे, हे आधी ठरवा



धंद्याच्या व्हिडिओंमध्ये एक फोटो ठरलेला असतो. डोंगरावरून पळणारा माणूस आणि खाली मोठ्या अक्षरात, "थांबायचं नाही!" मी दुकान सांभाळून लांब पल्ल्याच्या शर्यती पळतो. सिंहगड-राजगड-तोरणा ही 53 किलोमीटरची डोंगरातली शर्यत पळलोय. म्हणून स्पष्ट सांगतो, हा सल्ला डोंगरात कुणी पाळत नाही. नवीन धंदा टाकताना तुम्हीही पाळू नका.

चढाला चालायचं. राजगडाचा चढ आला की बहुतेक सगळे गुडघ्यावर हात ठेवून चालायला लागतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. चढ पळून काढला तर चार मिनिटं वाचतात, पण पुढच्या उतारावर पाय साथ सोडतात.

धंद्यातही चढ असतो. आपल्या तेरखेड्याचंच बघा ना. फटाक्यांचा माल आधी कितीतरी महिने तयार होत राहतो, पण खरी विक्री दिवाळीच्या तोंडावर. तोपर्यंत पैसा मालात आणि मजुरीत अडकलेला. या काळात खर्च आवळून हळू चालणाराच दिवाळीला ताठ उभा असतो. तुमच्या धंद्याचा चढ कोणत्या महिन्यांत आहे? वहीत लिहून ठेवा. त्या महिन्यांत नवीन फर्निचर नाही, दुसरी शाखा तर नाहीच.

भूक लागायच्या आधी खायचं. शरीरात साठलेली साखर साधारण 30 किलोमीटरच्या आसपास संपत येते. मग पाय जड होतात, डोकं चालत नाही. तेव्हा खाऊन लगेच उपयोग होत नाही. म्हणून जाणता धावपटू पहिल्या तासापासूनच थोड्या थोड्या वेळानं खजूर, चिक्की, केळं पोटात टाकत राहतो.

धंद्याचं अन्न म्हणजे खेळतं भांडवल. गल्ला रिकामा झाल्यावर बँकेत गेलात तर मॅनेजर आधी तुमचं खातं बघणार. तिथं काही दिसलं नाही की माणूस सावकाराच्या दारात जातो. म्हणून कॅश क्रेडिट विक्री चांगली असताना मागा, गरज नसताना मागा.

आता मुख्य मुद्दा, कट-ऑफ. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमध्ये कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. अंतर जवळपास 90 किलोमीटर. 1921 मध्ये सुरू झाली तेव्हा 34 जण धावले आणि 16 जणांनी ती पूर्ण केली. आज आपल्या महाराष्ट्रातूनही धावपटू तिथे जातात.

या शर्यतीला मर्यादा 12 तासांची. वेळ संपली की अंतिम रेषेवर एक माणूस धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. एका सेकंदाचा उशीर झाला तरी पदक नाही. वाटेतही ठरावीक ठिकाणी वेळ बघतात, मागे पडलेल्याला तिथेच थांबवतात. ऐकायला निर्दयी वाटतं. पण मला हा नियम फार शहाणा वाटतो. थांबवलेला माणूस घरी जातो, तयारी करतो आणि पुढच्या वर्षी परत येतो. मोडलेला पाय ओढत राहणारा कदाचित कधीच येत नाही.

आपल्याकडे धंद्यात असा बार काढणारा कुणी नसतो. "अजून दोन महिने बघू" म्हणत आधी बचत जाते, मग बायकोचं सोनं, मग शेत. धंदा बुडाला तर माणूस सावरतो. शेत गेलं की पूर्ण घर खाली बसतं.

म्हणून शटर उघडायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा:

1. किती महिने वाट बघणार.
2. जास्तीत जास्त किती रुपये घालणार.
3. कशाला अजिबात हात लावणार नाही.

कागद घरच्यांसमोर लिहा आणि त्यांच्याकडेच ठेवा. बार त्यांनी काढायचा.

"सर, मग जिद्दीचं काय?" असं कुणीतरी विचारणारच. अहो, जिद्द त्या 12 तासांच्या आत दाखवायची! अकरा तास एकोणसाठ मिनिटांनी पोचणाऱ्यालाही पदक मिळतं. तिथं सगळा जीव लावा. त्यानंतर मात्र कागदाचं ऐका.

तुमचे तीन आकडे आज रात्रीच लिहा. महिने किती ठरले, तेवढं कमेंटमध्ये कळवा.