साठ दिवसांचा हिशेब



संगणकाची भाषा म्हणजे पुरुषांचं क्षेत्र, हा समज आपल्यातही मुरलेला आहे. पण १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या अमेरिकेतल्या ‘एनिअ‍ॅक’ संगणकाच्या पहिल्या प्रोग्रॅमर सहा स्त्रियाच होत्या. उद्घाटनाच्या मेजवानीला मात्र त्यांना बोलावणं नव्हतं!

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सांगतो, की पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा न्यायालयाने प्रयत्न करावा. प्रत्यक्षात किती दिवस लागतात? उत्तर आपल्याच रजिस्टरांत पडून असतं. आमच्या सल्ला केंद्रातल्या अशा तारखा मी मोफत मिळणाऱ्या ‘लिबरऑफिस’च्या तक्त्यात भरल्या. मग ‘पायथन’ शिकायला घेतली. ही भाषा एका कंसासाठी अडून बसते. पण चिकाटी धरली, आणि आता आठ-दहा ओळींत प्रत्येक अर्जाला लागलेले दिवस समोर येतात.

एक पथ्य मात्र पाळायचं. तक्त्यात बाईचं नाव नको, क्रमांक पुरे. फाईलला पासवर्ड हवाच.

‘फार उशीर होतो’ असं नुसतं म्हटलं, तर ती कुरकूर ठरते. तारखांनिशी मांडलं, की तिची मागणी होते. म्हणून प्रत्येक केंद्रातल्या एकीने तरी हे शिकायला घ्यावं.