मुळशीच्या रस्त्यावर परका कोण?

कर्वेनगरातून सायकल काढली की डोंगराकडे जायला दोन वाटा आहेत. एक वारज्यावरून शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे करत खडकवासल्याच्या पाण्याकडे जाते. पुढे हवं तर सिंहगड, हवं तर पानशेत. दुसरी चांदणी चौक ओलांडून बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड करत मुळशी आणि ताम्हिणीकडे.

मला दुसरी जास्त आवडते. भुकूमच्या पुढचा पिरंगुटचा घाट तसा छोटाच, पण पाय गरम होण्याआधी येतो म्हणून दम काढतो. पिरंगुटला कंपन्यांच्या बस आणि ट्रकची गर्दी लागते. ती मागे पडली की पौडपासून हवा बदलते. पावसाळ्यात भाताची खाचरं, धुकं, चहाच्या टपऱ्या. पिरंगुटवरून मुठा खोऱ्यात वळलं तर टेमघरचा चढ आहे, तो मात्र भल्याभल्यांना खाली उतरून सायकल ढकलायला लावतो. मीही ढकलली आहे, लाज कसली!

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका शुक्रवारी सुट्टी होती. एकटाच निघालो. परतताना जुम्म्याची वेळ झाली, म्हणून रस्त्यालगतच्या एका गावातल्या छोट्या मशिदीपाशी थांबलो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. हेल्मेट काढलं, वजूला जागा कुठे आहे ते शोधू लागलो. दारात एक वयस्कर चाचा बसले होते. त्यांनी विचारलं, "बेटा, कहाँ के हो?" म्हटलं, "कर्वेनगर." ते हळू आवाजात म्हणाले, "बुरा मत मानो, आगे निकल जाओ. बाहरवाले को मना है. कल हम कू यहीं रहना है."

मला त्यांचा राग आला नाही. अंगावर घाम होता, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत भीती होती. मी सायकल उचलली आणि निघालो.

पार्श्वभूमी अनेकांना ठाऊक असेल. मे २०२५ मध्ये पौडमध्ये मूर्तीची विटंबना झाली. ती निंद्यच होती. ज्याने केली त्याला कायद्याने शिक्षा व्हावी, याबद्दल कुणा शहाण्या मुसलमानाचं दुमत नाही. पण त्यानंतर मुळशी तालुक्यातल्या काही ग्रामपंचायतींनी ठराव केले, की गावच्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाला फक्त स्थानिक मुसलमानांनी यावं, बाहेरच्यांनी नाही. पिरंगुट, घोटावडे अशी गावांची नावं तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा अशी वाटसरूंना वाटून दिली गेली.

यातली गंमत बघा. प्रवाशाला जुम्मा माफ असतो. पण मुसाफिर ठरायला हनफी उलेमा साधारण ७७-७८ किलोमीटरचं अंतर धरतात. ते गाव माझ्या घरापासून तीस किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे शरियतीच्या हिशेबाने मी मुसाफिरसुद्धा होत नाही आणि ठरावाच्या हिशेबाने मात्र परका!

पुढे १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. एकूण ४३७ किलोमीटर, आणि त्यातला एक टप्पा मुळशी-मावळातला. रस्ते गुळगुळीत झाले. कितीतरी देशांचे सायकलपटू डोंगरांतून सुसाट गेले आणि लोकांनी कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद झाला. ज्या रस्त्यांवर खड्डे चुकवत वर्षं घालवली, ते रस्ते जगाने पाहिले. त्या सायकलपटूंना कुणी धर्म विचारला नाही, आणि विचारू नयेच. मी तोच रस्ता, तसंच हेल्मेट घालून, मराठी बोलत चालवतो, तेव्हा मात्र मी कुठला याची चौकशी होते.

'बाहेरच्यां'विषयी मुळशीकरांच्या मनात राग का आहे, हे मला कळतं. त्याला इतिहास आहे. मुंबईच्या विजेसाठी टाटांचं धरण झालं आणि मावळ्यांची शेती-घरं पाण्याखाली गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथेच सत्याग्रह झाला. नंतर जमिनी फार्महाऊसवाल्यांकडे गेल्या, डोंगर फोडून बंगले उभे राहिले. बाहेरच्याने इथून खरोखर खूप नेलं आहे. पण ज्याने डोंगर नेला त्याच्यासाठी ठराव होत नाही; ज्याला दहा मिनिटांसाठी चटईभर जागा हवी, त्याच्यासाठी होतो.

सायकलचं आणि आमचं नातं तर सगळ्या देशाला ठाऊक आहे. 'पंक्चरवाला' हा शब्द आमच्या पोरांना शिवीसारखा ऐकवला जातो. एकेकाळी पुणं सायकलींचं शहर होतं. ते कुणाच्या तरी पान्या-पंपावर चालत होतंच ना? मुळशीच्या रस्त्यावर टायर फुटलं तर मदतीला येणारा हाच पंक्चरवाला असतो. तो ट्यूब पाण्यात बुडवताना बुडबुडे बघतो, जात-धर्म बघत नाही.

ज्या उपनगरात मी राहतो, त्याचं नाव ज्यांच्यावरून पडलं, त्या महर्षी कर्व्यांनाही गावाच्या ठरावाचा अनुभव होता. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला आणि कोकणातल्या त्यांच्याच मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. मुलगा घरी आला तर आईने काय करावं, असा प्रश्न एका माउलीपुढे उभा राहिला. पुढे पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर त्यांनी आश्रम उभा केला. तोच माळ आज कर्वेनगर आहे. १९५८ मध्ये कर्वे भारतरत्न झाले. बहिष्काराचा ठराव करणाऱ्यांची नावं आज कुणाला आठवतात?

आता थोडं आपल्याशी. त्या दिवसानंतर मित्र म्हणाले, "जाऊ दे ना, पानशेतला जात जा." आपल्याकडे हा सल्ला फार स्वस्त आहे. वाट बदल, दाढी कमी कर, टोपी खिशात ठेव. मला तो मान्य नाही. देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमाने दिला आहे. तो वापरला नाही तर गंजतो, सायकलच्या चेनसारखा. पण नुसता हक्क सांगूनही भागणार नाही. मशिदीच्या आत काय चालतं हे शेजाऱ्याला कधी दाखवलंच नाही, तर त्याने अफवेवर विश्वास ठेवला याचा थोडा दोष आपल्याकडेही येतो. एखाद्या शुक्रवारी नमाजानंतर सरपंचांना आणि गावकऱ्यांना चहाला बोलवायला कुणी अडवलं आहे?

मी वाट बदललेली नाही. महिन्यातून एकदा तरी त्या गावावरून जातो, टपरीवर चहा घेतो. टपरीवाले मामा आता न सांगताच साखर कमी टाकतात. परवा त्यांनी विचारलं, "बरेच दिवसांनी आलात? बरे आहात ना?" मी म्हटलं, "रोजे होते मामा." ते म्हणाले, "मग ईदचा शिरखुर्मा कुठंय?"

पुढच्या फेरीला डबा घेऊन जाणार आहे. एक मामांना, आणि एक त्या दारातल्या चाचांना.