भूमिगत टाकी आणि ठेकेदाराची पारख

घराची भिंत ओळंब्यात नसली तर ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडते, छपरास गळती असली तर पहिल्याच पावसात तिची साक्ष मिळते. परंतु अंगणाखाली पुरलेल्या सेप्टिक टाकीचा दोष वर्षानुवर्षे अज्ञात राहतो, आणि तो प्रकट होतो तेव्हा पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीत प्रकट होतो. म्हणूनच या कामाचा ठेकेदार निवडणे हा घरमालक आणि मिस्त्री यांच्यातला केवळ खाजगी सौदा मानणे आम्हांस अप्रशस्त वाटते. जो दर सांगण्यापूर्वी जमीन पारखतो आणि टाकीत माणूस उतरविण्यास साफ नकार देतो, तोच ठेकेदार विश्वासास पात्र होय. बाकीच्या कसोट्या या दोहोंच्या मागाहून येतात.

वर्धा जिल्ह्याच्या पुष्कळ भागांत वर कपाशीची काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण असा क्रम आढळतो. ही काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी जिरू देत नाही, आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वैशाखात शोषखड्डा खणून त्यात दोन घागरी पाणी ओतून दाखविले, तर ते भेगांतून पाहता पाहता नाहीसे होते आणि घरमालक निश्चिंत होतो. पण श्रावणात तोच खड्डा तुडुंब भरतो, पाणी मागे फिरते, संडास तुंबतो, आणि ‘टाकी भरली’ असे सांगून उपसण्याची गाडी बोलावली जाते. वस्तुतः निकोप टाकी बाहेर जाणाऱ्या नळीच्या पातळीपर्यंत सदैव भरलेलीच असते. दोष शोषखड्ड्यात असताना टाकी उपसणे म्हणजे चार दिवसांची उसंत विकत घेणे होय. याउलट, जेथे खड्डा मुरूम ओलांडून थेट भेगाळ पाषाणापर्यंत नेला जातो, तेथे पाणी इतक्या त्वरेने निघून जाते की ते गाळून घेण्यास मातीला अवसरच मिळत नाही, आणि तेच पाणी भेगांच्या वाटेने विहिरीत उतरते.

जाणता ठेकेदार म्हणूनच योजलेल्या जागी लहान खड्डा खणून तो आदल्या रात्री पाण्याने भरून ठेवतो, माती पुरती भिजू देतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरून ते किती वेळात किती उतरते हे मोजतो, आसपासच्या विहिरी व हातपंप किती अंतरावर आहेत आणि पावसाळ्यात त्यांचे पाणी कोठवर चढते याची चौकशी करतो, आणि त्यानंतरच दरपत्रक देतो. भारतीय मानक २४७० अन्वये शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून किमान १८ मीटर दूर असावा. टाकीची रुंदी ७५ सेंटिमीटरांहून, पाण्याची खोली १ मीटरहून आणि सामावणूक १००० लिटरांहून कमी नसावी. लांबी रुंदीच्या २ ते ४ पट असावी. हे आकडे ज्यास ठाऊक नाहीत, त्याच्या अनुभवाची वर्षे मोजण्यात अर्थ नाही. आणि जमीन पाणी स्वीकारीत नाही असे दिसताच शोषखड्ड्याचा आग्रह सोडून खालून वर वाहणाऱ्या प्रवाहाची गाळणटाकी सुचविणारा, प्रसंगी काम गमावण्याची जोखीम पत्करूनही खरे सांगणारा मनुष्य भेटला, तर त्यास हातचा जाऊ देऊ नये.

करारनामा लेखी असावा, आणि त्यात तळाचे काँक्रीट, आतील गिलावा, आतबाहेर जाणाऱ्या नळ्यांचे टी-जोड, वायुनळी व झाकणे यांचा तपशील स्वतंत्रपणे नमूद असावा. कारण तळ न घालता बांधलेली टाकी वरून धडधाकट टाकीसारखीच दिसते. माती लोटण्यापूर्वी टाकी पाण्याने भरून पातळी ढळते काय हे पाहावे, छायाचित्रे घ्यावीत, नकाशा घराच्या दस्तऐवजांत ठेवावा, आणि अखेरचा हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची तजवीज करावी. पक्की पावती घेण्यास विसरू नये. कामात कुचराई झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगापुढे दाद मागताना तीच मुख्य पुरावा ठरते. टाकीतील गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. तो कोठे नेऊन टाकणार, हा प्रश्न गाडीवाल्यास अवश्य विचारावा, कारण नाल्यात ओतलेला मैला अखेरीस धाम किंवा वेणा नदीलाच मिळतो.

दुसरी कसोटी माणसाच्या प्राणाची आहे. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायू प्रमाण वाढताच घ्राणशक्तीच बधिर करतो, म्हणून वास येत नाही हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे. आणि आत कोसळलेल्या सोबत्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसरा मनुष्यही बहुधा परत येत नाही. मैलासफाईविषयीच्या २०१३ च्या कायद्याने अशा जोखमीच्या सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणासही कामावर लावण्यास मनाई केली असून, पहिल्या अपराधास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. गटारसफाईत मृत्यू पावलेल्यांच्या वारसांस ३० लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. तथापि शिक्षेच्या भयाने नव्हे, तर एका मजुराचे आयुष्य आपल्या संडासाहून मोलाचे आहे या जाणिवेने घरमालकाने टाकीत माणूस उतरविण्याचा प्रस्ताव धुडकावावा.

वर्धा जिल्ह्यास तर ही जाणीव वारशानेच लाभली आहे. १९३५ च्या सुमारास मगनवाडीत राहत असताना गांधीजींनी, मीराबेननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या सिंदी खेड्यात मैलासफाईचे काम अंगावर घेतले. पुढे १९४६ च्या सुमारास विनोबा पवनारहून नित्य सुरगावला जाऊन हेच काम करीत राहिले. जे काम समाजाने एका जातीच्या माथी मारले होते, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी करून सर्वांचे कर्तव्य ठरविले. त्याच भूमीत आज कमी दराच्या मोहाने एखाद्या निरुपाय मजुरास टाकीत उतरविले जावे, याहून मोठी कृतघ्नता नाही.

गरिबाने एवढा खर्च कोठून करावा, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. परंतु टाकीच्या तळात वाचविलेला पैसा कोणाच्या तरी आजाराच्या रूपाने फेडावाच लागतो, आणि अशुद्ध विहिरीचे पाणी पिणारा तो मनुष्य बहुधा अधिकच गरीब असतो. फरशी व रंग यांचे काम वर्षभर लांबणीवर टाकता येते. टाकीचे बांधकाम मात्र एकदाच आणि नीट व्हावे लागते. ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी माती लोटण्यापूर्वी टाकीची पाहणी करून तसा दाखला देण्याची पद्धत सुरू करावी. ती सुरू होईतो प्रत्येक घरमालकाने ही पाहणी स्वतः करावी, आणि ती करू न देणाऱ्या ठेकेदारास, त्याचा दर कितीही कमी असो, आपल्या अंगणात कुदळ मारू देऊ नये.